मातीनं घेतलं नाही म्हणजे काय? पुरल्यावर जमिनीखाली नक्की काय होतं

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये धर्मस्थळची केस (तिथं खूप प्रेतं गुपचूप पुरली असं एका जुन्या सफाई कामगारानं तक्रारीत सांगितलेलं) टीव्हीवर चालू होती तेव्हा आमच्या बेळगावात घरी, गल्लीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळीकडं तोच विषय. नेत्रावती नदीच्या काठानं एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक खोदतंय, जेसीबी आणलाय, आणि बघणारे विचारतायत, इतक्या वर्षांनी काय उरतंय काय ओ तिथं? एक जण म्हणणार वीस वर्षांत सगळं माती होतंय, दुसरा म्हणणार हाडं कधी जातच नाहीत, हजारो वर्षांची सापडतात की. पुढं तक्रार देणाऱ्यालाच अटक झाली. त्या केसचं खरं-खोटं कोर्ट बघेल, मला त्यात पडायचं नाही. पण तो प्रश्न मला सोडेना, कारण त्याच्या आधी एक वर्ष तोच प्रश्न आमच्या शेजारी एका घराला फार लागला होता.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जंगलाच्या अंगाला. सासर अथणीकडं, कृष्णेच्या पाण्यावर ऊस होतो त्या भागात. सासरी आमच्या बांधाला लागून एक लिंगायत घर आहे, तिथल्या काकूंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. काका वारले ते पावसाळ्यात. त्यांच्यात माती देतात, बसवलेल्या स्थितीत, भस्म-बेल घालून, तशी स्वतःच्या शेताच्या कडेला दिली. नऊ वर्षांनी रस्ता रुंद करायला ती कडेची पट्टी गेली आणि समाधी हलवायची वेळ आली. सगळ्यांना वाटलेलं हाडं निघतील, ती कापडात बांधून नव्या जागी ठेवायची. पण खड्डा उघडला तर काकांचं शरीर बरंचसं तसंच, पांढरट, मेणासारखं. चेहऱ्याची ठेवण पण कळत होती. आणि तिथं उभ्या असलेल्या चार जणांतलं कोणतरी बोललं की मातीनं घेतलं नाही. ते कन्नडात बोलले, पण अर्थ तोच. माणसानं काहीतरी केलं असेल म्हणून माती घेईना. अक्का त्यानंतर किती दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

मी प्राणीशास्त्र शिकलेय, शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा मला लगेच सगळं नीट सांगता आलं नाही याचं वाईट वाटतं, म्हणून वाचून, विचारून आता लिहितेय. ज्यांच्या घरी अलीकडं कुणी गेलंय त्यांनी हे नंतर वाचलं तरी चालेल, विषय तसा जड आहे.

कुजणं म्हणजे दोन कामं

जीव गेला की शरीरात पहिल्यांदा आपलेच पाचक रस आपल्याच पेशी फोडायला लागतात. जिवंतपणी शरीर त्यांना आवरून धरतं, मग आवरणारं कुणी राहत नाही. दुसरं काम जंतूंचं. आपल्या आतड्यात एरवी पण कोट्यवधी जंतू असतात, ते आतून खायला लागतात, त्यातून गॅस होतो, पोट फुगतं, त्वचेचा रंग बदलतो, बहुतेक वेळा उजवीकडं खाली पोटावर हिरवट डाग दिसतो तो पहिला.

या दोन्ही कामांना ऊब लागते. इडलीचं पीठ आठवा. मे महिन्यात रात्री भिजवून ठेवलं की पहाटे भांड्याबाहेर येतं, आणि डिसेंबरात बेळगावच्या थंडीत तेच पीठ दुपार झाली तरी फुगत नाही. पीठ तेच, जंतू तेच, फरक फक्त उबेचा. म्हणून अभ्यास करणारे नुसते दिवस मोजत नाहीत, किती दिवस किती गरमी मिळाली याची बेरीज करतात. उन्हाळ्यातला एक आठवडा आणि थंडीतला एक आठवडा त्यांच्या हिशेबात सारखा नसतो.

पण खरं सांगायचं तर उघड्यावर पडलेल्या शरीराचं सगळ्यात जास्त काम ना पाचक रस करतात ना जंतू, ते करतात किडे.

अळ्या आपोआप पडत नाहीत

आपल्याकडं अजून म्हणतात, मटण उघडं राहिलं, अळ्या पडल्या. जणू मांसातूनच त्या निघाल्या. युरोपात पण शेकडो वर्षं असंच मानायचे. १६६८ साली फ्रान्चेस्को रेडी नावाच्या इटलीतल्या वैद्यानं साधा प्रयोग केला, काही बरण्यांत मांस उघडं ठेवलं, काही बरण्यांवर बारीक कापड बांधलं. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्या मांसात झाल्याच नाहीत. म्हणजे माशी बसल्याशिवाय अळी नाही. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

ती माशी म्हणजे आपली घरातली करडी माशी नव्हे, चकचकीत हिरवी-निळी, जरा जाड, मटण मार्केटात घोंघावते ती. दिवस असेल, ऊब असेल, तर मेलेल्या जनावरावर ती काही मिनिटांत येते. रात्री सहसा येत नाही, मुसळधार पावसात पण नाही. डोळे, नाक, तोंड, जखम अशा ओल्या मऊ जागी शेकड्यानं अंडी घालते. साधारण दिवसभरात अंडी फुटतात, अळ्या दोनदा कात टाकून मोठ्या होतात, मग शरीर सोडून आजूबाजूच्या मातीत जातात आणि कोष करतात. कोष गव्हाच्या दाण्यासारखा, तपकिरी. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडत्या माशीपर्यंत दोन आठवड्यांच्या आत-बाहेर सगळं होऊन जातं. हजारो अळ्या एका जागी खायला लागल्या की त्यांच्या वळवळीनं तिथली गरमी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-वीस डिग्रीनं पण वर जाते, आणि गरमी वाढली की काम अजून जोरात.

अमेरिकेत जेरी पेन नावाच्या संशोधकानं १९६५ साली डुकराच्या मेलेल्या पिल्लांवर हे करून दाखवलं. डुक्कर का, तर त्याचं शरीर कुजण्याच्या बाबतीत माणसाच्या बरंच जवळ जातं. काही पिल्लं उघडी ठेवली, काही जाळीत जिथं एक पण किडा शिरणार नाही. उघड्या पिल्लांचं ९० टक्के वजन ६ दिवसांत गेलं. जाळीतली पिल्लं हळूहळू सुकत गेली आणि महिनोन्महिने त्यांचा आकार टिकून राहिला. हवा तीच, उन्हाळा तोच, फक्त माशी नाही.

मग मातीखाली माशी पोचते काय?

बहुतेक नाही. आणि इथंच पुरणं आणि उघड्यावर पडणं यात सगळा फरक पडतो. हिरव्या माशीला वास लागला तरी ती माती उकरून खाली जात नाही, तिच्यासाठी चार बोटं माती पण मोठी अडचण आहे. पण पूर्ण बंदी पण नसते. काही माश्या मातीच्या वरच अंडी घालतात आणि अळ्या भेगांतून, ढेकळांच्या मधून खाली सरकत जातात, हात-दीड हातापर्यंत पोचल्याचं प्रयोगात दिसलंय. आणि एक अगदी बारीक, पाठीला कुबड असल्यासारखी माशी असते, तिला इंग्रजीत कॉफिन फ्लाय म्हणजे शवपेटीची माशी असंच नाव पडलंय. ती मातीतून दोन मीटरपर्यंत खाली जाते. स्पेनमध्ये १८ वर्षांपूर्वी पुरलेलं एक शरीर बाहेर काढलं तेव्हा त्यावर ही माशी वाढत असलेली सापडली. म्हणजे वर न येता खालीच पिढ्यामागून पिढ्या.

अमेरिकेतच टेनेसी विद्यापीठात विल्यम बास यांनी १९८१ पासून एक जागा राखून ठेवलीय, लोकांनी मरणोत्तर दान केलेली शरीरं तिथं वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून अभ्यास करतात. तिथं १, २ आणि ४ फूट खोल पुरून बघितलं तर जितकं खोल तितकं कुजणं हळू. उथळ खड्ड्यात किडे पोचतात, वरची ऊब पोचते. चार फुटांखाली दोन्ही नाही.

आपल्याकडं मसणवटीत खड्डा छाती-खांद्याएवढा खोल काढायला सांगतात ते जुन्या लोकांनी उगाच सांगितलेलं नाही. उथळ खड्डा कोल्हं-कुत्रं उकरतं. माझ्या माहेराकडं तर साळिंदर पण हाडं ओढून नेऊन कुरतडतं, त्याला दात झिजवायला लागतात. आणि वाळवीचं सांगायलाच नको, ती लाकडाची शवपेटी तर खातेच पण हाडावर पण खुणा सोडते, आणि माहिती नसेल तर त्या खुणा हत्याराच्या वाटू शकतात.

गांडुळं प्रेत खातात असं मुलं मला दरवर्षी विचारतात. नाही खात, ती माती आणि कुजलेला पाला खातात.

उकिरडा आणि मुरघास

किडे नाहीत, मग खाली काम कोण करतं? जंतू करतात, पण त्यांचं काम हवेवर, पाण्यावर आणि उबेवर ठरतं. आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. उकिरडा वर-खाली केला, हवा लागली, तर खत लवकर होतं. आणि तोच हिरवा मका कुट्टी करून खड्ड्यात दाबून, वर कागद टाकून, हवा काढून बंद केला तर त्याचा मुरघास होतो, तो महिनोन्महिने टिकतो, म्हशी आवडीनं खातात. दोन्हीकडं माल हिरवाच, एकीकडं हवा आहे, दुसरीकडं नाही.

शरीर पुरलं की ते मुरघासाच्या बाजूला झुकतं. त्यात जमिनीखाली काही फुटांवर ना दुपारचं ऊन पोचत ना पहाटेची थंडी, तिथं वर्षभर जवळपास एकसारखं गार. म्हणून एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉक्टर कॅस्पर यांनी एक ठोकताळा दिला, उघड्या हवेत एक आठवड्यात जेवढं होतं तेवढं व्हायला पाण्यात दोन आठवडे आणि मातीत आठ आठवडे लागतात. हा ठोकताळाच आहे, नियम नव्हे. अथणीच्या मे महिन्यात आणि कणकुंबीच्या जुलैत तो सारखा लागू होणार नाही.

एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली असणार. माती दिल्यावर वर उंचवटा करतात आणि पहिला पावसाळा गेला की तो खाली बसतो, मग घरची माणसं पाटीभर माती आणून परत टाकतात. सैल माती दबते हे एक कारण, आणि आत पोट बसतं हे दुसरं. तपास करणारे जुन्या खड्ड्याची जागा शोधताना असलाच खोलगट भाग बघतात, आणि तिथलं गवत बाकीच्यापेक्षा वेगळं दिसतंय काय ते पण बघतात.

खानापूरची माती, अथणीची माती

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्या एका बेळगाव जिल्ह्यात माती किती बदलते बघा. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जांभा दगड आणि तांबडी माती, पाऊस प्रचंड, मलप्रभा तिथंच उगम पावते. तसंच पूर्वेला चला, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणी, काळी रेगड, पाऊस कमी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा.

हाडाचा टणकपणा कॅल्शियमच्या खनिजामुळं असतो. अंड्याचं टरफल लिंबाच्या रसात टाकून ठेवा, बुडबुडे येऊन ते मऊ पडतं. टरफलाचं खनिज हाडापेक्षा वेगळं असलं तरी आंबट पाण्यापुढं दोन्ही विरघळतातच, हाड जरा सावकाश. पश्चिमेकडच्या तांबड्या मातीतला चुना पावसानं शतकानुशतकं धुवून नेलाय, ती आम्ल म्हणजे आंबट असते, आणि दर पावसाळ्यात तिच्यातून पाणी झिरपत राहतं. हाड तिथं हळूहळू विरघळतं. आधी हलकं, ठिसूळ होतं, शेवटी तपकिरी मातीचा एक डाग राहतो. दात त्यातल्या त्यात टिकतात, कारण दाताचं कवच शरीरातलं सगळ्यात कठीण.

माझ्या आज्जीची दोन बाळं दात यायच्या आत गेली. आमच्यात अशा लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. परड्यात फणसाखाली पुरली होती. पुढं चाळीस-पन्नास वर्षांनी घर वाढवताना नेमका तो कोपरा घराच्या पायाच्या खोदाईत आला आणि आज्जी दिवसभर तिथं बसून राहिली, गवंड्याला सारखं सांगत होती हळू खणा बाबांनो. काहीच निघालं नाही. एक कण नाही. आज्जीला वाटलं जागा चुकली, आपण लेकरांची जागाच विसरलो. जागा चुकली नव्हती बहुतेक. तान्ह्या बाळाची हाडं मुळातच मऊ, खनिज कमी, आणि वरून तसली माती, तसला पाऊस. आज्जी आता नाही, तिला हे सांगायचं राहूनच गेलं.

काळ्या मातीचं उलटं. तिच्यात चुनखडीचे खडे असतात, ती आम्ल नसते, हाडाचं खनिज त्यात टिकून राहतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ मध्ये उत्खनन केलं, तिथं घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली, मडक्यात ठेवलेली लहान लेकरं सुद्धा, आणि ती साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. एकीकडं तीन हजार वर्षं, दुसरीकडं पन्नास वर्षांत काही नाही. मग टीव्हीसमोर बसून भांडणारे दोघं पण आपापल्या मातीपुरते बरोबरच होते की.

पण काळी माती हाडं टिकवते तशी छळते पण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, या दाबानं हाडं मोडतात, जागची सरकतात. भेगांतून वरच्या वस्तू खाली जातात, आणि भेग खोल असेल तर किड्यांना आयती वाट मिळते. आणि ओली झाली की तीच माती लिंपल्यासारखी बंद होते, हवा जायला जागा नाही.

अक्कांच्या शेतात काय झालं

आता त्या खड्ड्याकडं येऊ. काका गेले पावसाळ्यात. खड्डा खोल, बसवायचं असल्यामुळं नेहमीपेक्षा जास्तच. रेगड माती, शेजारी बारमाही उसाला पाणी, खड्ड्यात खालून पाणी पाझरत होतं म्हणून अंगाभोवती प्लॅस्टिकचा जाड कागद गुंडाळला होता. रिमझिम चालू, माश्या नाहीत, आणि वारल्यापासून काही तासांत माती दिलेली, म्हणजे माशीला अंडी घालायला वेळच मिळाला नाही. मध्ये २०१९ चा महापूर आला, तेव्हा त्या शेतात किती दिवस पाणी होतं.

हवा नाही, किडा नाही, ओल कायम. अशा ठिकाणी शरीरातल्या चरबीचं जंतूंमुळं एका पांढरट, मेणचट, साबणासारख्या पदार्थात रूपांतर होतं. त्याला ॲडिपोसिअर म्हणतात. साबण पण चरबी-तेलापासूनच होतो, रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ही लांबची गोष्ट नाही. एकदा हा पदार्थ झाला की पुढं कुजणं जवळपास थांबतं, आणि आकार वर्षानुवर्षं, कधी कधी शतकभर पण टिकतो. हे जगाला माहीत होऊन सव्वादोनशे वर्षांच्या वर झाली, १७८० च्या दशकात पॅरिसचं एक जुनं कब्रस्तान हलवताना असली शरीरं फार मोठ्या संख्येनं निघाली आणि फूरक्र्वा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं. तिथं गरीब माणसांना एकाच मोठ्या खड्ड्यात दाटीनं पुरत होते. त्यांचं पाप काय होतं?

उलट पण होतं बरं का. कुठं शरीर टिकून निघालं की काही लोक पुण्यवान होता म्हणतात, पाया पडतात. एकाच गोष्टीला एकीकडं पाप, दुसरीकडं पुण्य. माती ते बघत नाही, तिला ओल, हवा आणि चरबी एवढंच कळतं.

पण मीठ घातलं की लवकर विरघळतं ना?

हे मला खूप जणांनी विचारलं, कारण आपल्या भागात माती देताना मीठ घालायची रीत बऱ्याच घरांत आहे. रीत म्हणून घालावं, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण मिठानं लवकर विरघळतं हे खरं नाही. आपण लोणच्यात, सुक्या बांगड्यात मीठ कशाला घालतो? टिकायला. मीठ पाणी ओढून घेतं आणि जंतूंना वाढू देत नाही. पसाभर मीठ ओल्या मातीत लवकरच वाहून जातं, फार फरक पडत नाही. पोत्यानं घातलं आणि जागा कोरडी असली तर उलट कुजणं लांबेल.

चुन्याचं पण तसंच. चुना टाकला की प्रेत नाहीसं होतं असा समज जगभर आहे. २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात युरोपातल्या संशोधकांनी मेलेली डुकरं चुन्यासकट आणि चुन्याशिवाय पुरून सहा महिन्यांनी उघडली. चुना घातलेली जास्त चांगली टिकली होती. चुन्यानं वास कमी होतो, जंतू दबतात, म्हणून गुन्हा लपवायला कुणी चुना वापरला असेल तर त्यानं पुरावा राखूनच ठेवला म्हणायचा.

कपड्याचं थोडक्यात सांगते. सुती कापड मातीत लवकर जातं, पॉलिएस्टर आणि प्लॅस्टिक जात नाही, आणि शरीराला हवेपासून तोडतं.

एवढं कळतंय तर तारीख का सांगत नाहीत?

टीव्हीवर सगळ्यात जास्त राग याचाच दिसला, की डॉक्टर नुसतं पाच ते पंधरा वर्षं असलं काहीतरी सांगतात, लपवतायत म्हणून. लपवत नसतात ओ. वर बघितलं ना, खोली, ओल, माती, कापड, ऋतू, शरीराची चरबी, किडे, एवढ्यातली एक जरी गोष्ट बदलली तर वर्षांचा हिशेब बदलतो. जो हाड हातात घेऊन बरोबर चौदा वर्षं म्हणेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

पण काही गोष्टी मात्र फार पक्क्या कळतात, आणि त्यातली मला सगळ्यात मोठी वाटते ती किड्यांची. समजा चार फूट खोल खड्ड्यात हाडांजवळ हिरव्या माशीचे रिकामे कोष सापडले. ही माशी चार फूट खाली जात नाही. म्हणजे पुरायच्या आधी ते शरीर कुठंतरी उघड्यावर होतं, दिवसा, माशी बसेल एवढा वेळ. कोष वर्षानुवर्षं टिकतात, मांस गेलं तरी. म्हणजे वारल्यावर लगेच पुरलं असं कुणी सांगत असेल तर ते कोष त्याला खोटं पाडतात. आणि ती माशी कुठल्या भागात सापडणारी आहे यावरून शरीर दुसरीकडून आणलं काय याचा पण अंदाज येतो. अळ्यांच्या, कोषांच्या अंगात औषधाचा, विषाचा अंश पण सापडू शकतो, शरीरात तपासायला काही उरलं नसलं तरी. कीटकनाशक पोटात गेलेलं असेल तर माश्या उशिरा येतात असं पण नोंदलं गेलंय, म्हणून तपास करणाऱ्याला मोजणीत ते धरायला लागतं. माशीवरून गुन्हा उलगडण्याची जुनी नोंद चीनमधली आहे, १२४७ सालची. गावात खून झाला, सगळ्यांना आपापले विळे जमिनीवर ठेवायला लावले, आणि एकाच विळ्यावर माश्या बसल्या. धुतलेला होता, पण माशीला रक्ताचा अंश कळला.

दुसरं म्हणजे सोबतच्या वस्तू. खिशातल्या नाण्यावर २०११ असेल तर २०११ च्या आधी ते तिथं गेलं नाही, एवढं नक्की. बिस्किटाचा कागद, गुटख्याची पुडी, चपलेचा सोल, यातलं काहीही हाडापेक्षा जास्त बोलतं. आणि डीएनएसाठी दात आणि मांडीचं हाड बरं पडतं, पण आम्ल मातीत पंधरा-वीस पावसाळे काढलेल्या हाडातून डीएनए निघेलच असं नाही. तसं झालं तर काही सापडलं नाही म्हणजे काही नव्हतं, असा अर्थ लगेच काढू नये, आणि नक्की होतंच असा पण काढू नये.

खोदताना काही सापडलं तर

आपल्याकडं पाया खणताना, पाइपलाइनला, विहिरीला जेसीबी सगळीकडं चालतो, म्हणून हे सांगणं गरजेचं वाटतं. हाडं दिसली तर काम थांबवा. उचलू नका, धुऊ नका, पोत्यात भरू नका. हाडं कुठल्या बाजूला, किती खोल, भोवतीची माती कशी, हीच सगळी माहिती असते, आणि उचललं की ती गेली. पोलिसांना कळवा. पुरलेलं शरीर तपासासाठी बाहेर काढायचं तर त्याला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, आधी ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १७६ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली होतं. किती वर्षांनी काढता येतं याला आपल्या कायद्यात मुदत नाही. नीट काम करणारी टीम शेवटच्या थराला जेसीबी लावत नाही, हातानं, ब्रशनं काढते, आणि शरीराच्या वरची, खालची, बाजूची आणि थोड्या लांबची माती पण वेगवेगळी घेते. लांबची कशाला, तर आर्सेनिकसारखं विष हाडात सापडलं तर ते त्या जमिनीतूनच आलं नाही ना हे बघायला. आणि ती माती चाळणीनं चाळतात, कारण गव्हाच्या दाण्याएवढे कोष त्यातच असतात.

हे सगळं मी गेल्या दिवाळीला अक्कांकडं बसून सांगितलं. वहीत खड्ड्याचं चित्र काढून, ऊस कुठं, पाणी कुठून पाझरलं, साबण कसा होतो, पॅरिसचं कब्रस्तान, सगळं. अर्धं मराठीत, अर्धं माझ्या मोडक्या कन्नडात. त्या मध्ये काही बोलल्या नाहीत. झाल्यावर म्हणाल्या, म्हणजे त्यांचं काही नव्हतं. मी म्हटलं काहीच नव्हतं अक्का, पाणी आणि माती.

मग जरा वेळानं म्हणाल्या, तो कागद धाकट्यानं आणला होता, दुकान उघडायला लावून, अप्पा भिजतील म्हणून. मी गप्प बसले. त्यांनी विचारलं, नव्या जागी काय गुंडाळलंय बघितलीस काय तू? मी सांगितलं, नुसतं सुती धोतर, आणि जागा पण उंचावर आहे, पाणी थांबत नाही. बरं, म्हणाल्या, आणि वहीतलं ते पान फाडून मागून घेतलं, धाकटा आला की दाखवीन पण कागदाचं तेवढं सांगणार नाही.